शेप-वन, पण कोणत्या वर्षीचं?

सप्टेंबर २०२० मध्ये भारतीय लष्कराने एक निवड मंडळ बसवलं. त्याचं नाव ‘विशेष क्रमांक ५ निवड मंडळ’. मंडळापुढे ६१५ महिला अधिकाऱ्यांच्या फायली होत्या. सगळ्या शॉर्ट सर्व्हिस कमिशनवर, म्हणजे ठरावीक वर्षांच्या बोलीवर लष्करात आलेल्या. यांना स्थायी कमिशन, म्हणजे निवृत्तीच्या वयापर्यंतची नेमणूक, द्यायचं की नाही, एवढंच मंडळाने ठरवायचं होतं. गुणवत्तेवर ४२२ जणी योग्य ठरल्या. त्यातल्या ५७ जणींनी स्थायी कमिशनचा पर्याय स्वीकारलेला नव्हता. उरल्या ३६५. त्यांपैकी २७७ जणींना वैद्यकीय छाननीनंतर कमिशन मिळालं, ४६ जणींचे निकाल प्रशासकीय कारणांनी राखून ठेवले गेले, आणि ४२ जणी वैद्यकीय निकषात बसल्या नाहीत.

या ४२ जणी कुणी भरतीच्या मैदानावर पहिल्यांदा छाती मोजून घ्यायला उभ्या राहिलेल्या मुली नव्हत्या. लष्करात येताना त्यांनी वैद्यकीय तपासणी पार केली होती, अकादमीतलं प्रशिक्षण पुरं केलं होतं, अनेक वर्षं गणवेशात काढली होती. निवड मंडळाने त्यांची गुणवत्ताही मान्य केली होती. अडलं ते शेवटच्या रकान्यात: ‘शेप-वन नाही’.

मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘लेफ्टनंट कर्नल नितीशा विरुद्ध भारत सरकार’ या खटल्यात या रकान्याची जी चिरफाड केली, ती लष्करात जाऊ पाहणाऱ्या प्रत्येकाने आणि त्यांना तयार करणाऱ्या अकादम्यांनीही वाचावी अशी आहे. वैद्यकीय निकषांबद्दल आपल्याकडे बोललं जातं ते उंची किती, चष्मा चालतो का, गुडघे जुळतात का, एवढंच. मोजमाप कधी घ्यायचं, हा निकषाचाच अर्धा भाग आहे, हे कुणाच्या फारसं ध्यानात येत नाही.

आधी शेप म्हणजे काय ते पाहू. लष्करात सेवेत असलेल्या माणसाची प्रकृती पाच अक्षरांत मांडली जाते. एस म्हणजे मानसिक आणि बौद्धिक स्थिती, एच म्हणजे ऐकू येणं, ए म्हणजे हात, पाय, सांधे, पी म्हणजे शरीराची एकूण क्षमता, आणि ई म्हणजे दृष्टी. प्रत्येक अक्षरापुढे एक ते पाच आकडा येतो. एक म्हणजे कुठेही, कोणत्याही कामाला पाठवता येईल असा. आकडा वाढत जातो तशी कामावर बंधनं येतात, आणि पाच म्हणजे सेवेलाच अपात्र. पाचही अक्षरांपुढे एक असेल तर शेप-वन. एखादं अक्षर घसरलं की माणूस ‘लो मेडिकल कॅटेगरी’त जातो. ही घसरण तात्पुरती असू शकते, जसं मोडलेलं हाड जुळेपर्यंत. कायमचीही असू शकते.

लो मेडिकल कॅटेगरी म्हणजे घरी जाणं नव्हे. गुडघा दुखावलेला, रक्तदाब जडलेला अधिकारी लष्करात काम करतच असतो. काय करू शकेल आणि कुठे पाठवू नये, याची नोंद त्याच्या कागदावर असते, इतकंच.

भरतीच्या वेळची तपासणी याहून वेगळी. तिथे श्रेणी नसतात. निकाल तीनच: फिट, तात्पुरता अनफिट, कायमचा अनफिट. एनडीएसारख्या (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) अधिकारी प्रवेशात एसएसबीने, म्हणजे मुलाखत घेणाऱ्या निवड मंडळाने, शिफारस केली की लष्करी रुग्णालयात वैद्यकीय मंडळ बसतं. अनफिट ठरलात तर ४२ दिवसांच्या आत अपील मंडळापुढे जाता येतं. त्यानंतरही पुनरावलोकन मंडळ मागता येतं, पण ते मिळेलच असं नाही. मिळालं तर पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे सशस्त्र दलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात, किंवा दिल्लीच्या आर्मी हॉस्पिटलमध्ये. तिथली मापं काटेकोर असतात. डॉक्टरकडे पाठ करून ६१० सेंटिमीटरवरून प्रत्येक कानाने कुजबुज ऐकू आली पाहिजे. दातांचे किमान १४ गुण हवेत. हात सरळ सोडल्यावर कोपरात होणारा कोन मुलांमध्ये १५ अंशांपेक्षा आणि मुलींमध्ये १८ अंशांपेक्षा जास्त नको. या कोनापायी आमच्याकडची किती चांगली पोरं परत आली आहेत, हे कोणत्याही अकादमीत जाऊन विचारा.

एनडीएची वयोमर्यादा साडेसोळा ते साडेएकोणीस, अग्निवीरांची सर्वसाधारणपणे साडेसतरा ते एकवीस-बावीस. म्हणजे वैद्यकीय खोलीत शिरणारी सगळी शरीरं जवळपास एकाच वयाची असतात. निकष लिहिणाऱ्याला वयाचा वेगळा विचार करावा लागत नाही, कारण वयाची चौकट जाहिरातीतच आखलेली असते. मोजपट्टी आणि वय यांची गाठ तिथे आधीच मारलेली आहे. २०२० मध्ये ही गाठ सुटली, आणि तिथेच सगळा घोळ झाला.

ती कशी सुटली हे कळायला थोडं मागे जावं लागेल. वैद्यकीय आणि शुश्रूषा सेवा सोडून इतर शाखांत स्त्रियांना अधिकारी म्हणून घ्यायला लष्कराने १९९२ साली सुरुवात केली. तेव्हा मुदत पाच वर्षांची होती. ती वाढत वाढत चौदा वर्षांपर्यंत गेली. पुरुष शॉर्ट सर्व्हिस अधिकाऱ्याला पाचव्या किंवा दहाव्या वर्षी स्थायी कमिशनसाठी अर्ज करता यायचा. स्त्रियांना तो रस्ताच नव्हता. २००३ मध्ये वकील बबिता पुनिया यांनी दिल्ली उच्च न्यायालयात याचिका केली. २००८ मध्ये लष्कराने कायदा आणि शिक्षण या दोनच शाखांत दार किलकिलं केलं, तेही पुढे येणाऱ्या तुकड्यांसाठी. १२ मार्च २०१० रोजी उच्च न्यायालयाने स्त्रियांच्या बाजूने निकाल दिला. केंद्र सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथे निकालाला स्थगिती मिळाली नव्हती, तरी अंमलबजावणी झाली नाही. दहा वर्षं गेली. १७ फेब्रुवारी २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सेवा कितीही वर्षांची झालेली असो, सर्व महिला शॉर्ट सर्व्हिस अधिकाऱ्यांचा स्थायी कमिशनसाठी विचार करा. स्त्रियांच्या शारीरिक मर्यादांबद्दल सरकारने मांडलेले मुद्दे त्या निकालात न्यायालयाने रूढ समजुती म्हणून बाजूला सारले होते.

मग १ ऑगस्ट २०२० रोजी लष्कराने सर्वसाधारण सूचना काढल्या, आणि त्यात शेप-वनची अट आली. पुरुषांना जी अट, तीच स्त्रियांना. तात्पुरत्या खालच्या श्रेणीत असाल तर सुधारायला एक वर्ष.

कागदावर यात खोट काढायला जागा नाही. पण सूचना लागू झाली त्या दिवशी यातल्या बऱ्याच जणी चाळिशीच्या पुढे होत्या. पुरुष अधिकाऱ्याची शेप-वनची परीक्षा व्हायची पाचव्या किंवा दहाव्या वर्षी. न्यायालयाने निकालपत्रात ते वय साधारण २५ ते ३० धरलं आहे. स्त्रियांची तीच परीक्षा ४० ते ५० या वयात होत होती. १.६ किलोमीटरच्या धावण्यात बाप आणि लेक एकाच रांगेत उभे करायचे, एकच शिट्टी मारायची, आणि घड्याळ दोघांना सारखंच आहे म्हणून न्याय झाला म्हणायचं, असा तो प्रकार.

लष्कराची बाजू इथे नीट ऐकली पाहिजे, कारण ती पोकळ नाही. लष्कर म्हणजे सरकारी कचेरी नव्हे. स्थायी कमिशन मिळालेला अधिकारी पुढची अनेक वर्षं राहणार, आणि त्याला सियाचीनपासून वाळवंटापर्यंत कुठेही पाठवावं लागणार. आज अंगात दुखणं असलेल्याला आजच कायम केलं तर सैन्याची एकूण कार्यक्षमता घटते. शिवाय निकष सर्वांना एकच आहे, त्यात स्त्री-पुरुष भेद नाही. समानता मागितली, ती दिली. आता समान अटही नको म्हणता? चहाच्या टपरीवर हा वाद घातला तर निम्मे लोक याच बाजूने बोलतील, आणि त्यात माजी सैनिकही असतील.

या युक्तिवादात एक भोक आहे. पुरुष अधिकाऱ्याने तिसाव्या वर्षी शेप-वन दाखवून स्थायी कमिशन घेतलं आणि पंचेचाळिसाव्या वर्षी त्याला मधुमेह झाला, पाठ गेली, तर लष्कर त्याचं कमिशन काढून घेत नाही. श्रेणी बदलते, काम बदलतं, तो राहतो. म्हणजे पंचेचाळिसाव्या वर्षी शेप-वन असणं ही स्थायी अधिकारी म्हणून काम करण्याची अट कधी नव्हतीच. ती प्रवेशाच्या वेळची अट होती. आणि शेप-वन नसलेल्या स्त्रिया त्याही काळात वेगवेगळ्या ठिकाणी नेमणुकीवर होत्या, कुणी त्यांना कामाला नालायक म्हटलं नव्हतं. ज्या कामाला त्या काल चालत होत्या, त्याच कामाला आज कायमपणे का चालू नयेत, याचं उत्तर लष्कराकडे नव्हतं.

न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती एम. आर. शाह यांच्या खंडपीठाने २५ मार्च २०२१ रोजी निकाल दिला. लिहिला चंद्रचूड यांनी. त्यातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट म्हणजे त्यांनी शेप-वनला हात लावला नाही. सैन्याला कोणतं शारीरिक मान हवं, हे सैन्यानेच ठरवायचं, ते न्यायालयाचं काम नाही, हे त्यांनी मान्य केलं. हरकत घेतली ती उशिरा लावण्याला. शेप-वन तपासायचं ते सेवेच्या पाचव्या किंवा दहाव्या वर्षीचं, असा आदेश दिला. उशीर कुणामुळे झाला, हा प्रश्न मग आपोआप पुढे येतो. २०१० चा उच्च न्यायालयाचा निकाल वेळेवर अमलात आणला असता तर यातल्या कितीतरी जणींची तपासणी दहा वर्षं आधी, दहा वर्षं तरुण शरीरावर झाली असती. उशीर सरकारचा, आणि त्याची किंमत मोजायची गुडघ्यांनी.

न्यायालयाने या साऱ्याला अप्रत्यक्ष भेदभाव म्हटलं. नियम वरून तटस्थ असतो, कुणाचं नाव घेत नाही, पण लागू झाला की एकाच गटाला जास्त लागतो. यासाठी निकालपत्रात परदेशांतले दाखलेही आहेत. अमेरिकेतला १९७१ चा ग्रिग्ज खटला त्यातला सर्वांत जुना आणि ठसठशीत. नॉर्थ कॅरोलायनातल्या एका वीज कंपनीने चांगल्या पगाराच्या खात्यांसाठी हायस्कूलची पदवी आणि लेखी चाचणी सक्तीची केली. अट गोऱ्यांना आणि काळ्यांना सारखीच होती. पण काळ्यांच्या शाळा पिढ्यान्‌पिढ्या वेगळ्या आणि निकृष्ट ठेवलेल्या, त्यामुळे गाळले गेले ते तेच. आणि त्या पदवीचा प्रत्यक्ष कामाशी काय संबंध, हे कंपनीला दाखवता आलं नाही. हेतू वाईट होता का, हा प्रश्नच नाही. परिणाम काय झाला ते पाहा, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. कॅनडातल्या घोडेस्वार पोलिसांच्या निवृत्तिवेतनाबद्दलचा २०२० चा निकालही चंद्रचूड यांनी याच ओघात वापरला.

गोपनीय अहवालांचा मुद्दाही या खटल्यात होता, आणि तो मोठा होता. स्त्रियांना स्थायी कमिशन मिळणारच नाही हे गृहीत धरून त्यांचे वार्षिक अहवाल लिहिले गेले होते. मग त्यांचीच तुलना त्या त्या तुकडीतल्या शेवटच्या निवडल्या गेलेल्या पुरुषाशी केली गेली. न्यायालयाने ती तुलना मनमानी ठरवून काढून टाकली आणि ६० टक्क्यांची पात्रता ठेवली. त्यावर स्वतंत्र लेख होईल. इथे आपला विषय प्रकृतीचा.

आदेशाचा वैद्यकीय भाग नेमका कसा चालतो, हे तीन काल्पनिक अधिकाऱ्यांवरून पाहू.

पहिली दहाव्या वर्षी पूर्ण शेप-वन होती. आज तिला रक्तदाब आहे आणि पी या अक्षरापुढे दोन लागला आहे. ऑगस्ट २०२० च्या सूचनेप्रमाणे ती बाहेर गेली असती. न्यायालयाच्या आदेशाने ती आत, कारण तपासायचं ते दहावं वर्ष, आजचं नाही.

दुसरीचा दहाव्या वर्षी पाय मोडला होता, ती तात्पुरत्या खालच्या श्रेणीत होती, पण वर्षभरात बरी होऊन शेप-वनला परतली. तीही आत. एक वर्षाची ही सवलत नवी नाही, सूचनेत होतीच. न्यायालयाने ती त्या जुन्या वर्षांनाही लावली. याचं मोल मला जास्त वाटतं, कारण पाचवं ते दहावं वर्ष म्हणजे बहुतेक स्त्रियांच्या बाळंतपणाचा काळ. त्या दिवसांत शरीर पाचही अक्षरांपुढे एक दाखवेल, अशी अपेक्षाच कुणी करू नये.

तिसरी दहाव्या वर्षी निकषात बसत नव्हती आणि वर्षभरात सुधारलीही नाही. आज ती ठणठणीत आहे. ती बाहेरच. आज फिट असणं तिच्या उपयोगाचं नाही.

हे तिसरं उदाहरण अनेकांना खटकतं. मलाही पहिल्या वाचनात खटकलं. पण आदेशाचा तर्क मान्य केला तर यातून सुटका नाही. आजचं दुखणं पाहायचं नाही असं म्हटलं, की आजचं ठणठणीतपणही पाहता येत नाही. दहाव्या वर्षी न बसलेल्या पुरुषालाही पुढे दुसरी संधी नव्हती. सोयीचं तेवढं जुनं घ्यायचं आणि सोयीचं तेवढं नवं, असं न्यायालयाने केलं नाही. म्हणून तो आदेश टिकाऊ झाला.

त्यातून एक व्यवहाराची गोष्ट निघाली. आता लढाई शरीराची राहिली नाही, कागदाची झाली. दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या वैद्यकीय मंडळाच्या कागदावर काय लिहिलं होतं, श्रेणी तात्पुरती होती की कायमची, सुधारल्याची तारीख कोणती, यावर निकाल ठरणार. सैन्यात नव्याने जाणाऱ्या मुलामुलींना मी म्हणूनच सांगतो की प्रत्येक मेडिकल बोर्डाच्या कागदाची प्रत स्वतःजवळ ठेवा. भरतीच्या पहिल्या तपासणीपासूनची. दवाखान्याच्या फायलीवर विसंबून राहू नका.

अंमलबजावणी सरळ झाली नाही. दोन महिन्यांची मुदत होती. ७२ अधिकारी पुन्हा न्यायालयात आल्या, की पात्र असूनही आम्हाला कमिशन नाही. एकीने माघार घेतली. उरलेल्या ७१ जणींचा हिशेब सरकारने ऑक्टोबर २०२१ मध्ये मांडला: ३९ जणींना देता येईल, २५ जणींवर शिस्तीचे गंभीर आक्षेप, आणि ७ वैद्यकीयदृष्ट्या अपात्र. ३९ जणींना कमिशन देण्याचा आदेश झाला. पुढच्या महिन्यात अवमानाची कारवाई करण्याचा इशारा मिळाल्यावर आणखी ११ जणींचा प्रश्न सुटला. वैद्यकीय कारणाने अडलेल्या या यादीत सातच आहेत, हे नजरेतून सुटू देऊ नका. विशेष मंडळाच्या वेळचे ४२ आणि इथले ७ हे एकाच यादीतले आकडे नाहीत, त्यामुळे त्यांची थेट वजाबाकी करता येत नाही. तरी वर्ष योग्य धरलं तर सेवेतल्या स्त्रियांना प्रकृतीच्या कारणाने वगळण्याचा प्रश्न केवढा उरतो, याचा अंदाज त्यावरून येतो.

याला जोडून आमच्या दाराशीच दुसरं प्रकरण घडलं. ऑगस्ट २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या अंतरिम आदेशाने मुलींना एनडीएची परीक्षा देता आली. सरकारने सप्टेंबरमध्ये सांगितलं की मुलींसाठी वैद्यकीय आणि शारीरिक मानकं अजून ठरायची आहेत, म्हणून परीक्षा पुढच्या वर्षी, मे २०२२ मध्ये घेऊ. न्यायालयाने ते ऐकलं नाही. परीक्षा नोव्हेंबरमध्येच झाली. म्हणजे मानक तयार नाही हे कारण सांगून दार बंद ठेवता येत नाही, हे नितीशा प्रकरणानंतर सहा महिन्यांत दुसऱ्यांदा ठरलं. मानकं झालीच. लष्करासाठी मुलींची किमान उंची १५२ सेंटिमीटर, मुलांची १५७. कोपराच्या कोनातला तीन अंशांचा फरक वर आलाच आहे. तो सवलत म्हणून दिलेला नाही. स्त्रियांच्या कोपराचा कोन मुळातच जास्त असतो.

वैद्यकीय शास्त्रातला हा साधा भेद लष्कराला नवा नव्हता. लष्कराच्या वैद्यकीय सेवेत स्त्रिया कितीतरी आधीपासून स्थायी कमिशनवर होत्या. पुण्याच्या एएफएमसीत शिकलेल्या पुनिता अरोरा २००४ मध्ये लेफ्टनंट जनरल झाल्या. त्याच संस्थेच्या माधुरी कानिटकर २०२० मध्ये त्या पदावर पोहोचल्या, म्हणजे बबिता पुनिया प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला त्याच महिन्यात. प्रकृतीचे नियम लिहिणाऱ्या विभागात हे घडत होतं, आणि सिग्नल्स किंवा इंजिनिअर्समधल्या स्त्रीला त्याच सुमारास शेप-वनचा कागद दाखवायला सांगितला जात होता.

एनडीएची मुलींची पहिली तुकडी २०२२ मध्ये खडकवासल्याला आली, आणि ३० मे २०२५ रोजी १७ जणी पास आउट झाल्या. या मुलींना कमिशन मिळेल ते थेट स्थायी. पाचव्या-दहाव्या वर्षीचं मंडळ त्यांच्या वाटेत येणार नाही. चेन्नईच्या अकादमीतून शॉर्ट सर्व्हिसवर जाणाऱ्या मुलींच्या वाटेत मात्र ते आजही आहे, आणि त्या वर्षी शेप-वन असणं त्यांना अजूनही लागतं.